राउटरला देश भारत दिला की पॉवर का घटते?

कुळागरकर | १४ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घर सावईवेऱ्याला. घरापासून पंपाच्या खोलीपर्यंत उताराने साधारण तीनशे मीटर, मध्ये सगळं कुळागर: पोफळी, माड, केळी, मिरवेल. पंपाच्या खोलीवर एक कॅमेरा आहे आणि पंप चालू-बंद करायची सोय आहे. रात्री गवे उतरतात, म्हणून कॅमेरा हवाच. दोन्ही टोकांना ५ गिगाहर्ट्झची उपकरणं, त्यांवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली, आणि १३ डीबीआयचे पॅनेल अँटेना (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप). उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. पावसाने जोर धरला आणि लिंक सारखी तुटायला लागली.

सेटिंगमध्ये देश भारत ठेवला की सगळ्या चॅनलना पॉवर २० डीबीएमच दाखवतो. १०० ते १४० हे चॅनल यादीत नाहीतच. ओळखीतल्या एका पोराने फोनवर सांगितलं, देश अमेरिका कर, ३० मिळतील. केलं, मिळाले. पण मनाला पटत नाही. माझं घर फोंडा तालुक्यात आणि माझं यंत्र जगाला सांगतंय की मी अमेरिकेत आहे.

आपला नियम खरंच एवढा कडक आहे, की कुठे तरी नोंद चुकली आहे? चुकली असेल तर दुरुस्त कोण करतं?

रायबंदरकर | १४ जून, रात्री १०:०५

असू दे अमेरिका. चालतंय ना? कुळागरात कोण तपासायला येणार आहे.

सत्तरीकर | १४ जून, रात्री १०:११

पोफळीची ओली झावळं सिग्नल पितात. पॉवरचा विषय नंतर, आधी अँटेना वर चढव.

पणजी_रेडिओ | १४ जून, रात्री ११:३०

कुळागरकर बाब, प्रश्न अगदी नेमका विचारला आहेस. नोंद एके काळी खरंच मागे पडली होती.

लिनक्सवर चालणारं जवळजवळ प्रत्येक वायफाय उपकरण, म्हणजे तुझा राउटर आणि माझा लॅपटॉपही, एका छोट्या फाईलवर विसंबून असतं. तिचं नाव वायरलेस रेगडीबी. मूळ रूपात ती साधी मजकुराची फाईल आहे. दोन अक्षरी देशाचा कोड, खाली एकेक ओळ: कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत, किती रुंदीचा चॅनल, कमाल किती पॉवर, आणि पुढे अटी. रडार ओळखणं सक्तीचं असेल तर डीएफएस, घराबाहेर मनाई असेल तर नो-आउटडोअर, स्वतःहून प्रक्षेपण सुरू करायचं नसेल तर नो-आयआर. ती फाईल बायनरी करून तिच्यावर सही केली जाते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ४.१५ आवृत्तीपासून स्वतःच ती वाचतो आणि बहुतेक ठिकाणी सही जुळली तरच मानतो. तिथे घरी बसून २० चे ३० करून चालत नाही, सही तुटते.

भारताच्या जुन्या नोंदीत चारही ओळींवर २० होते आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मुळातच नव्हता. तुझे १०० ते १४० चॅनल त्याच पट्ट्यातले. ते यादीत नाहीत म्हणतोस, त्यावरून तुझी फाईल कुठल्या काळातली ते सांगता येतं. आताच्या नोंदीत असं आहे:

२४०० मेगाहर्ट्झचा पट्टा: ३०
५१५० ते ५२५०: ३०
५२५० ते ५३५०: २४, डीएफएस
५४७० ते ५७२५: २४, डीएफएस
५७२५ ते ५८७५: ३०

नियम बदलला २०१८ च्या ऑक्टोबरात, राजपत्रातली अधिसूचना जीएसआर १०४८ (ई). त्याआधी ५ गिगाहर्ट्झला २००५ चा नियम होता: ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५, घरात किंवा आवारात वापरासाठी, २०० मिलिवॅट. तुझी इमेज, म्हणजे राउटरवर घातलेली प्रणाली, किती जुनी आहे?

कुळागरकर | १५ जून, सकाळी ७:१५

आवृत्ती १८.०६, २०१८ ची. भावाने घालून दिली होती, तेव्हापासून हात लावलेला नाही. म्हणजे नियम कधीचा बदलला आणि माझं यंत्र अजून जुनाच कागद धरून बसलंय.

अबोली_म्हापसा | १५ जून, सकाळी ८:२०

मी शाळेत गणित शिकवते, रेडिओतलं काही कळत नाही. २० आणि ३० मध्ये दीडपट फरक दिसतो, त्यासाठी एवढी चर्चा का?

पणजी_रेडिओ | १५ जून, सकाळी ८:५०

अबोली बाय, दीडपट नव्हे, दहापट. डीबीएम ही लॉगॅरिथमची मोजणी. शून्य म्हणजे १ मिलिवॅट. दर १० ला दहापट, दर ३ ला जवळजवळ दुप्पट. २० म्हणजे १०० मिलिवॅट, २३ म्हणजे २००, २४ म्हणजे २५०, ३० म्हणजे १ वॅट, ३६ म्हणजे ४ वॅट. फाईलमध्ये एका आकड्याची चूक झाली तरी ती अशी वाढते.

अबोली_म्हापसा | १५ जून, सकाळी ८:५८

मुलं नेहमी विचारतात, लॉग कुठे वापरतात. उत्तर मिळालं.

रायबंदरकर | १५ जून, सकाळी ९:३०

आता मला सांगा, अमेरिकेच्या नोंदीतही ३०, आपल्यातही ३०. मग अमेरिका ठेवली तर बिघडलं काय?

दर्यो | १५ जून, सकाळी ११:४०

मी वास्कोचा, जहाजावर रेडिओचं काम केलं आहे, म्हणून राहवत नाही.

२.४ गिगाहर्ट्झला आपल्याकडे २४८३.५ पर्यंत मोकळीक आहे, म्हणजे १ ते १३ चॅनल. अमेरिका लावलीस की १२ आणि १३ तुझे तूच गमावतोस. हा लहान मुद्दा. मोठा मुद्दा असा की तुझा राउटर दर बीकनमध्ये, म्हणजे तो सतत पाठवतो त्या ओळखसंदेशात, आपला देश जाहीर करतो, आणि जोडलेला लॅपटॉप ते ऐकून आपली मर्यादा ठरवतो. कळंगुटला एका गेस्टहाउसमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलं. मालकाने वापरलेला राउटर विकत घेतला होता, त्याच्यात भलताच देश भरलेला. पाहुणे म्हणायचे, लॅपटॉपवर नेटवर्क कधी दिसतं कधी नाही. बिचाऱ्याने दोनदा केबल बदलली. मी देश नीट केला आणि तक्रार थांबली. एका यंत्राचं खोटं असं दहा जणांना लागतं.

आणि रडार. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ या पट्ट्यांत रडारही चालतात, त्यांतला ५६०० ते ५६५० हा जगभर हवामान रडारांचा भाग. डीएफएस म्हणजे आधी ६० सेकंद कान लावून ऐकायचं, रडार नसेल तरच बोलायचं, मध्येच ऐकू आलं तर चॅनल सोडायचा आणि अर्धा तास परत यायचं नाही. डीएफएस टाळायला म्हणून वेगळा देश भरणारे लोक मला भेटले आहेत. दाबोळी हा नौदलाचा विमानतळ आहे, मुरगाव बंदरात जहाजं येतात, आणि वादळी हवेत आपले ट्रॉलर हवामान खात्याच्या इशाऱ्यावर किनाऱ्याला थांबतात. इथे कोण तपासायला येणार हा प्रश्नच मला मान्य नाही.

रायबंदरकर | १५ जून, दुपारी १२:१०

बीकनमधून देश पसरतो हे खरंच माहीत नव्हतं. घरचा राउटर बदलतो आजच.

चिरेबंदी | १५ जून, दुपारी १:०५

यूट्यूबवर तर बोलिव्हिया ठेवा म्हणून सांगतात. मीही ठेवलं होतं. आमचं घर जुनं, दीड हात जाड चिऱ्याच्या भिंती, देवघरातून बल्कांवपर्यंत, म्हणजे पुढच्या ओट्यापर्यंत, सिग्नल पोचत नाही. बोलिव्हिया करून फोनवर दांड्या वाढल्या, पण व्हिडिओ कॉल होता तसाच अडकायचा.

पणजी_रेडिओ | १५ जून, दुपारी १:३०

कारण फोनची पॉवर तेवढीच राहिली. राउटर मोठ्याने बोलला तर फोनला ऐकू येतं, पण फोनची कुजबुज त्या चिऱ्यातून परत राउटरपर्यंत यायला हवी ना. चिऱ्याच्या घराला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि मध्ये केबल, दुसरा उपाय नाही.

सत्तरीकर | १५ जून, दुपारी १:३४

बोलिव्हियाला दर्या पण नाही. गोंयकाराने तिथे जाऊन करायचं काय?

मिलिवॅट | १५ जून, रात्री ८:४५

उशिरा आलो, पण हा माझ्या आवडीचा विषय आहे. दोन गोष्टी सांगतो. लांबेल.

पहिली. कुळागरकर, ३० चा मोह होण्याआधी तुझा १३ डीबीआयचा अँटेना लक्षात घे. नियमात दोन मर्यादा असतात. एक, रेडिओतून अँटेनाकडे जाणारी पॉवर. दुसरी ईआयआरपी, म्हणजे अँटेनाने एका दिशेला एकवटल्यावर बाहेर पडते ती. वरच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे पहिली १ वॅट, म्हणजे ३०, आणि दुसरी ४ वॅट, म्हणजे ३६. आता बेरीज कर. २० अधिक १३, तू ३३ वर आजही आहेस. कायद्याने तुझ्या हातात आणखी फक्त ३ डीबी. अमेरिका लावून तू ३० अधिक १३, म्हणजे ४३ वर गेलास. ते २० वॅट झाले. ज्या अमेरिकेचं नाव लावलंस, तिथेही उघड्या परिसरात सगळीकडे बोलणाऱ्या यंत्राला ते चालणार नाही.

या डेटाबेसमधली सगळ्यांत अवघड जागा हीच. फाईलच्या रचनेत तो आकडा ईआयआरपी म्हणून मांडलेला आहे, पण कितीतरी ड्रायव्हर तो रेडिओच्या पॉवरसारखा वापरतात. राउटरला बाहेरून कुठला अँटेना जोडला हे त्याला कसं कळणार? ते आपण सांगायचं असतं, सेटिंगमध्ये अँटेना गेनची जागा असते. म्हणून भारताच्या ओळीत ३६ न लिहिता ३० लिहिलेले आहेत, हे मला पटतं. ३६ लिहिले असते तर ६ डीबीआयच्या साध्या अँटेनालासुद्धा लोक ४२ वर गेले असते.

दुसरी गोष्ट, दुरुस्त कोण करतं. कुणीही. पण कागद दाखवून. मी एकदा एका देशाची नोंद दुरुस्त करायला पॅच, म्हणजे फाईलमधला सुचवलेला बदल, पाठवला होता. आधार म्हणून एका उत्पादकाने छापलेला तक्ता दिला. उत्तर आलं, सरकारी मूळ दस्तऐवज कुठे आहे? मनातून चिडलो. मग मूळ कागद शोधून वाचला, तर त्या तक्त्यात एका पट्ट्याची डीएफएसची अटच गळालेली. माझा पॅच घेतला असता तर ती चूक जगभरच्या यंत्रांत गेली असती. त्या दिवसापासून तक्त्यावर विश्वास ठेवत नाही. फाईलमध्ये बऱ्याच देशांच्या वर टिपणात दुवा असतो, आकडा कुठून आला त्याचा. दुवा नसलेली नोंद दिसली की मला अस्वस्थ होतं.

मांडवीकाठ | १५ जून, रात्री ९:२०

मग सरकारनेच ही फाईल का नाही भरायची? नियम त्यांचे, आकडे त्यांचे.

मिलिवॅट | १५ जून, रात्री ९:४०

भरली तर उत्तमच. पण राजपत्र कायद्याच्या भाषेत असतं, कर्नलच्या ओळीत नव्हे. मध्ये कुणीतरी वाचून अर्थ लावावा लागतो. २००५ चा नियम घे: २०० मिलिवॅट, आणि शिवाय कुठल्याही १ मेगाहर्ट्झमध्ये १० मिलिवॅटपेक्षा जास्त नको. २० मेगाहर्ट्झचा चॅनल असेल तर १० गुणिले २०, बरोबर २००. ४० चा असेल तरी कमाल २०० च. पण ५ किंवा १० मेगाहर्ट्झचा अरुंद चॅनल वापरणाऱ्याला ५० किंवा १०० मिलिवॅटच मिळायचे. फाईलमध्ये फक्त २०० लिहिलं तर ही गोष्ट हरवते.

आता ६ गिगाहर्ट्झ येतोय, तिथे हे फार जपावं लागेल. गेल्या महिन्यात मसुदा नियम आले, ५९२५ ते ६४२५. घरात ३० डीबीएम, पण दर मेगाहर्ट्झला ११. अबोली बाय, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलला किती होतात?

अबोली_म्हापसा | १५ जून, रात्री ९:५२

२० चा लॉग १.३, त्याचे १३ डीबी. ११ अधिक १३, २४. ४० ला २७. ८० ला ३०. म्हणजे ३० हा आकडा ८० मेगाहर्ट्झपासून पुढेच खरा!

मिलिवॅट | १५ जून, रात्री ९:५५

अगदी हेच. कुणी घाईने ३० लिहून टाकलं तर २० मेगाहर्ट्झवर चालणारं प्रत्येक यंत्र चौपट पॉवर टाकेल. आणि घराबाहेरच्या अगदी कमी पॉवरच्या वापराला वेगळी मर्यादा आहे, १४ डीबीएम.

दर्यो | १५ जून, रात्री १०:१५

त्या मसुद्यात बोटींवर मनाई आहे, वाचलंत का? तेलाच्या फलाटांवरही. फाईलमध्ये घराबाहेर नको याला खूण आहे, पण बोटीवर नको याला खूण कुठे? फेरीबोटीच्या केबिनला छप्पर आहे, राउटर तिला घरच समजणार.

पणजी_रेडिओ | १५ जून, रात्री १०:३०

खूण नाही. ते माणसानेच पाळायचं. आणि एक ध्यानात ठेवा, मसुदा म्हणजे नियम नव्हे. अंतिम अधिसूचना निघेपर्यंत ती ओळ फाईलमध्ये जाता कामा नये, तुमचा नवा राउटर कितीही तयार असो.

मांडवीकाठ | १५ जून, रात्री १०:४१

माझा नवा राउटर खोक्यातच आहे. थांबतो.

चिरेबंदी | १६ जून, सकाळी ६:५०

देश भरलाच नाही तर काय होतं?

पणजी_रेडिओ | १६ जून, सकाळी ७:३०

मग कोड ००, म्हणजे अख्ख्या जगात चालेल असा सगळ्यांत सावध नियम. २.४ ला १ ते ११ चॅनल, आणि ५ गिगाहर्ट्झला स्वतःहून नेटवर्क सुरू करता येत नाही, दुसऱ्याचं आधी ऐकू आलं तरच बोलता येतं. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ सुरूच होत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो.

कुळागरकर | २१ जून, सायंकाळी ६:३०

मंडळी, आज दिवसभर पाऊस धरून होता, तरी काम उरकलं. सविस्तर लिहितो.

दोन्ही उपकरणांवर नवी आवृत्ती घातली, देश भारत केला. यादीत १०० ते १४० आले, समोर २४. वरच्या चॅनलना ३०. पणजी_रेडिओंनी लिहिलेले आकडे ओळीओळीने जुळले.

आधी चॅनल १०० लावून पाहिला. सेव्ह केलं आणि नेटवर्क गायब. पाच-दहा सेकंद वाट पाहिली, नाही. पुन्हा सेव्ह केलं, नाही. छत्री घेऊन खाली पंपाच्या खोलीकडे निघालो, अर्ध्या वाटेत पाटाजवळ पोचलो तर मुलीने वरून हाक मारली, बाबा आलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, ६० सेकंद ऐकणं म्हणतात ते हेच. मीच पुन्हा पुन्हा सेव्ह करून त्याला पहिल्यापासून ऐकायला लावत होतो.

मग मिलिवॅट बाबांची बेरीज घेऊन बसलो. चॅनल १४९ घेतला, पॉवर २३, अँटेना गेनच्या जागेत १३ भरले. एकूण ३६, काठोकाठ. एवढ्याने थोडा फरक पडला, पण पाऊस जोरात आला की तुटायचीच. शेवटी सत्तरीकरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं ते केलं. पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ काढणाऱ्याला, बोलावलं, पंपाच्या खोलीवरचा अँटेना जुन्या सागाच्या खांबावर पोफळींच्या शेंड्यांच्या वर चढवला, आणि घराकडचा माडीच्या कोपऱ्यावर. आता मध्ये एकही झावळ येत नाही. सिग्नल १९ डीबीने सुधारला. पॉवर पुन्हा २० वर आणली, तरी आज दिवसभर एकदाही तुटली नाही.

म्हणजे ज्या ३० साठी मी अमेरिकेला गेलो, ते मला लागणारच नव्हते. आणि अँटेना उघड्यावर असताना ४३ वर चालवलं असतं तर समोरच्या डोंगरापर्यंत कुणाकुणाला त्रास झाला असता.

सत्तरीकर | २१ जून, सायंकाळी ६:३८

पाडेलीला नारळ दिलेस ना?

कुळागरकर | २१ जून, सायंकाळी ६:४४

दोन नारळ आणि मजुरी. वर काकूने फणसाचे गरे दिले.

मिलिवॅट | २१ जून, रात्री ८:१०

मस्त काम. एक विनंती. तू जुनी फाईल बदललीस, पण त्याच आवृत्तीची उपकरणं अजून कितीतरी कुळागरांत आणि दुकानांत असतील. तुझ्या या अनुभवाचं पानभर मराठी टिपण लिहून इथे वर चिकटवू या: आवृत्ती कशी बघायची, देश कसा बघायचा, अँटेना गेन कुठे भरायचा. तांत्रिक भाग मी तपासून देतो. आणि ६ गिगाहर्ट्झची अंतिम अधिसूचना आली की दोघे-तिघे बसून मूळ राजपत्र वाचू, पट्टा, पॉवर, दर मेगाहर्ट्झची मर्यादा, अटी. मग ओळ लिहू. एकट्याने वाचलं की एखादी अट नजरेतून सुटते, माझी सुटलीच होती.

दर्यो | २१ जून, रात्री ८:३२

मी आहे. बोटींचं कलम माझ्याकडे.

अबोली_म्हापसा | २१ जून, रात्री ९:००

मलाही घ्या, गणितं तपासायला. काल दहावीच्या मुलांना २० डीबीएमचे मिलिवॅट करायला दिले होते. लॉग त्यांना अजून यायचे आहेत, म्हणून दर ३ ला दुप्पट आणि दर १० ला दहापट एवढंच सांगितलं. एका मुलाने घरच्या राउटरवरचा आकडा वहीत लिहून आणला, १७, आणि विचारतो, टीचर, हा कमी का? सोमवारी त्याला काय सांगू?

पणजी_रेडिओ | २१ जून, रात्री ९:२५

त्याला विचारा, राउटरमध्ये देश कुठला भरलाय आणि चॅनल कितवा. दोन्ही वहीत लिहून आणायला सांगा, मग इथे टाका.